हातावर कोण कोण

आमच्या पाट्यांच्या कारखान्यात तिला सगळे पट्टी म्हणायचे. एक तर तिच्या मागच्या खिशात सदान्‌कदा सहा इंची स्टीलची पट्टी असायची, आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. एखादं अक्षर कललेलं असलं तर ‘जरा बघता का’ वगैरे नाही. ‘वाकडं आहे’ म्हणायची आणि पुढे जायची. आराखडे ती काढायची, मी रंग कालवायचो आणि अक्षरं भरायचो. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यातले बाण, बंदरावरचे ‘वर भार आहे, थांबू नका’ असे पिवळे फलक. मी तिच्या वडिलांच्या वयाचा, म्हणून मला काका म्हणायची. सोळा वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो.

एका सोमवारी ती हसतच आत आली. अजून पिशवीही खाली ठेवली नव्हती.

“काका, काल बाबा माझ्याशी बोलले.”

यात हसण्यासारखं काय, ते कळायला मागचं थोडं सांगावं लागेल.

तिचे वडील बंदरावर क्रेन चालवायचे, धक्क्यावरची सगळ्यात उंच. पट्टी बारा वर्षांची असतानाच आई आजारात गेली होती. दादा नोकरीच्या मागे, धाकटी बहीण शाळेत, त्यामुळे दुपारचा डबा पोचवायचं काम हिच्याकडे. एकोणीस वर्षांची होती तेव्हा एके दिवशी शिडी चढून डबा घेऊन वर गेली, तर त्या काचेच्या खोलीत वडिलांच्या पायाशी बाटली, निम्म्याहून जास्त रिकामी. त्यांनी डोळा मारला. म्हणाले, “खाली सांगू नको हं.” ती खाली उतरून घरी पोचतेय न पोचतेय तोवर वरून लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा सुटला. खालच्या एका हमालाचा डावा पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशी बसली. हमालच भाराखाली उभा राहिला, चूक त्याचीच, असं जवळजवळ ठरलं होतं. मग कोणाला तरी आठवलं की त्या दुपारी मुलगी वर गेली होती. आदल्या दिवशी दादाने तिला समोर बसवलं. “खोटं बोल असं म्हणत नाही मी. फक्त माझं लक्ष नव्हतं, एवढंच म्हण.” पट्टी चौकशीला गेली आणि बाटलीवरचा कागद कोणत्या रंगाचा होता, आत किती उरली होती, इथपासून त्या मारलेल्या डोळ्यापर्यंत सगळं सांगून आली.

वडिलांची क्रेन गेली. नोकरी राहिली, पण फाटकावर. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर टिपून घ्यायचे. अख्खं बंदर वरून पाहिलेला माणूस पुढची अठरा वर्षं पत्र्याच्या टपरीत बसून ट्रकची चाकं पाहत राहिला. घरी त्यांनी ना हात उगारला ना आवाज चढवला. फक्त तिच्याशी बोलणं बंद केलं. “तिला सांग, मीठ कमी आहे.” “तिला सांग, खिडकी लाव.” पुढे दादा लग्न होऊन वेगळा राहायला लागला, धाकटी सासरी गेली, घरात हे दोघंच उरले. तरी “तिला सांग” चालूच.

“सांगतात कोणाला?” मी एकदा विचारलं होतं.

“भिंतीला. भिंतीकडे तोंड करून म्हणतात, तिला सांग, गोळ्या संपल्यात. मग मी गोळ्या आणते.”

त्या हमालाचंही सांगून टाकतो. तो पुढे मोटारी लावायच्या आवारात पावत्या फाडायला बसायचा. आम्ही तिथे फलक लावायला गेलो तेव्हा त्याने तिला ओळखलं. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलेल. तो म्हणाला, “तू बोललीस म्हणून माझा पाय परत आला का?” आणि पुढच्या गाडीकडे वळला.

तर तो रविवार. वडील नुकतेच निवृत्त झाले होते. स्वयंपाकघरात तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, “तुझा हात चांगला आहे. मला एक चित्र काढून दे.”

त्यांना उजवा हात गोंदवून घ्यायचा होता, खांद्यापासून मनगटापर्यंत. बंदरावर जन्मभर खलाशांचे हात पाहिले होते त्यांनी, पण ते त्यांना आवडायचे नाहीत. इथे नांगर, तिथे बाई, मध्येच कुठल्या तरी बंदराचं नाव, नुसती ठिगळं. यांना सलग हवं होतं, अंगरख्याची बाही चढवल्यासारखं. “माझी सगळी माणसं आणि माझी क्रेन,” ते म्हणाले. “एक बोटभर जागा मोकळी राहता कामा नये.”

माझी सगळी माणसं. हे शब्द तिने मला त्या आठवड्यात तीन वेळा सांगितले.

तिने काम मनावर घेतलं. हात म्हणजे काही पाटी नव्हे, हे तिला पहिल्याच रविवारी कळलं. तो वर जाड, खाली बारीक, मध्ये पिळलेला, आणि वळला की चित्र पाठीमागे पळतं. तिने वडिलांच्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक गुंडाळलं, वरून चिकटपट्टी लावली, पेनाने हाडं, शिरा, कोपर, कातडीचा ढिला भाग सगळं आखून घेतलं आणि आतल्या बाजूने कात्रीने कापून ते सालीसारखं सोडवलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर टेबलावर पसरलं. माणसाचा हात सपाट केला की जनावराच्या कातड्यासारखा दिसतो. मी तसं म्हटलं तर ती हसली नाही. तिचं मोजमाप चाललं होतं.

आठ महिने चाललं ते. खांद्याच्या गोलाईवर क्रेनची काचेची खोली, आणि क्रेनचा लांब दांडा दंडावरून तिरका खाली. दंडाच्या पुढच्या भागावर आई, लग्नाआधीच्या फोटोतली. कोपराखाली बाहेरच्या अंगाला दादा, लहानपणीचा, दात पडलेला. आतल्या अंगाला धाकटी, दोन वेण्यांची. मनगटाजवळ दादाची दोन पोरं आणि शेवटी जहाज बांधायच्या दोराची गाठ. चेहरा सांध्यावर घ्यायचा नाही, नाहीतर हात वाकला की माणूस वेडावाकडा होतो. डोळा फार बारीक काढायचा नाही, दहा वर्षांत शाई पसरून तो डाग होतो. चेहऱ्यांनी पुढे बघायचं, मागे नाही. हे सगळं ती कुठून कुठून शिकून आली आणि दर रविवारी वडिलांना समजावून सांगत बसली. ते ऐकायचे. प्रश्न विचारायचे. आई कशी चिडायची, कशी हसायची ते सांगायचे. अठरा वर्षांचा साठा होता.

पट्टी त्या आठ महिन्यांत बदललीच. कारखान्यात गुणगुणायची. मालक मला म्हणाला, “हिचं कुठे जमलंय का?” मी म्हणालो, “हो. घरी.” आणि मला दिसत होतं की काम चार महिन्यांत होण्यासारखं आहे. ती ते लांबवत होती. दोर आधी तीन पेडांचा काढला, मग चार पेडांचा, मग पुन्हा तीन.

दंडाच्या आतल्या बाजूला, बगलेखाली, तिने तळहाताएवढी जागा रिकामी सोडली होती. हात खाली असला की ती छातीला टेकते. उन्हापासून लांब, तिथली शाई सगळ्यात जास्त टिकते. मी विचारलं, इथे कोण? ती म्हणाली, “बाबा सांगतील ते.” स्वतःहून मागणं तिच्या जिवावर आलं होतं. वडिलांनीही ती जागा पाहिली होती, बोट ठेवून विचारलं होतं. तिने त्यांनाही तेच उत्तर दिलं. ते “हं” म्हणाले आणि महिनाभर त्या जागेचा विषय काढला नाही.

मग एका रविवारी दुपारी सगळे जेवायला जमले. दादा, वहिनी, पोरं, धाकटी. वडिलांनी चित्र मागवलं. ताटं बाजूला सारून ते टेबलावर पसरलं. सगळ्यांनी आपापले चेहरे शोधले, कौतुक झालं. दादा म्हणाला, “माझा दात बरोबर पडलाय.” वडिलांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“इथे आपला कुत्रा घे.”

कुत्रा मरून अकरा वर्षं झाली होती. पट्टीने पेन्सिल उचलली आणि बारीक अक्षरात तिथे ‘कुत्रा’ असं लिहिलं.

“आणि इथे,” त्यांचं बोट कोपराच्या आतल्या घडीवर सरकलं, “इथे एक पोपट काढ. चोच अशी काढ की हात वाकवला की मिटेल आणि सरळ केला की उघडेल. बोलतोय असं वाटलं पाहिजे. येईल ना?”

मग दादाला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना. पोपटासारखी बोललीस, असं त्यानेच तिला चौकशीच्या संध्याकाळी म्हटलं होतं. वहिनी ताटाकडे बघत राहिली. धाकटी म्हणाली, “बाबा, पुरे ना आता.” पण म्हणतानाच तिच्या ओठांचा कोपरा हलला. पट्टीने तो पाहिला.

“येईल,” पट्टी म्हणाली.

हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पत्ता सांगावा तसं. सांगून झाल्यावर म्हणाली, “काका, बाही वर करा.” माझ्या कोपराच्या घडीवर तिने बॉलपेनने पोपटाचं डोकं काढलं. वरची चोच घडीच्या वर, खालची घडीच्या खाली. “वाकवा. सरळ करा. पुन्हा.” दोन वेळा पुसून तिसऱ्यांदा काढलं तेव्हा चोच बरोबर मिटली. मी हात चार-पाचदा हलवला आणि मला हसू फुटलं. इतकं जिवंत होतं ते. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते हसू मला आजही लपवावंसं वाटतं.

“तू हे करू नकोस,” मी मग म्हणालो. “काहीतरी कारण सांग. जमत नाही म्हण.”

“जमतंय की,” ती म्हणाली.

गोंदणारी बाई बाजाराच्या मागच्या गल्लीत बसायची. पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा, तोंडाची फटकळ. तिने पट्टीचा कागद दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी नेला आणि उजेडात वरपासून खालपर्यंत पाहिला. मग एवढंच विचारलं, “हे तू काढलंस? कातडीवर कधी काम केलंस?” पट्टी नाही म्हणाली. बाई म्हणाली, “मग बावीस वर्षं मी काय करतेय?”

काम पाच महिने चाललं. पंधरा-वीस दिवसांनी एक बैठक, तीन-चार तासांची. आधी जांभळ्या कागदावरून रेघा कातडीवर उतरवायच्या, मग सुईने बाह्यरेषा, मग छाया. एकसष्ट वर्षांची कातडी, बाईला ती ताणून धरावी लागायची. वडिलांनी तोंडातून हूं की चूं केलं नाही. पट्टी प्रत्येक बैठकीला शेजारी स्टुलावर बसायची, रेघ हलली तर सांगायला. पोपट शेवटी ठेवला होता. ती घडी सगळ्यात दुखरी, आणि शाई धरायलाही वाईट.

त्या दिवशी बाईने सहज विचारलं, “घरच्या सगळ्या माणसांत हा पोपट कोण?”

वडिलांनी सांगितलं. रंगवून सांगितलं, बाटली वगळून. पट्टी शेजारीच बसलेली. बाईने सुई खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि वडिलांना ओलांडून पट्टीला विचारलं, “तू बोल. करू की नको?”

“करा,” पट्टी म्हणाली. “फक्त चोच मी आखलीय तिथेच घ्या. केसभरही खाली नको.”

बाईने केलं. ती घडी तिने तीनदा घेतली, एकावर एक. एरवी ती कुठलीही जागा दोनदाच घ्यायची, हे तिने मला नंतर कधीतरी सांगितलं. वडिलांच्या कपाळावरून घाम गळ्यापर्यंत ओघळत होता. पट्टीने तो पुसला नाही.

काम पूर्ण झालं. दोघं घरी आले. पट्टीने मलम पुढे केलं, म्हणाली, “बाबा, दिवसातून तीनदा लावायचं.” वडील भिंतीकडे वळले आणि म्हणाले, “तिला सांग, तिथे ठेव.”

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात आली, बसली, एका औषधाच्या दुकानाची पाटी आखून पूर्ण केली. मग तिने मला हे सांगितलं. रडली वगैरे नाही. तिने फक्त हिशेब लावला होता: तेरा महिने ते तिच्याशी बोलले, कारण चित्र काढायला हात लागतो आणि हाताला सांगावं लागतं.

वडिलांनी तो पोपट गावभर नाचवला. न्हाव्याकडे, फाटकावरच्या जुन्या मंडळींत, नातवंडांच्या वाढदिवसाला. हात लांब करायचा, वाकवायचा, पुन्हा लांब करायचा. “बोल पोपटा, खरं बोल.” पोरं खदखदायची. एकदा ते आमच्या कारखान्यावरही आले, मालकाला हात दाखवायला. पट्टी टेबलाशी होती. मालकाला काही माहीत नव्हतं, तो पोट धरून हसला आणि म्हणाला, “चोच काय जमवलीय हो. कोणी काढलं?” वडिलांना उत्तर द्यावंच लागलं. त्यांनी हनुवटीने तिच्याकडे दाखवलं.

महिन्याभरात तिने घर सोडलं. गोंदणाऱ्या बाईच्या दुकानावर एक खोली होती, तिथे राहायला गेली, आणि पाठोपाठ कारखानाही सोडला. दीड वर्ष तिने संत्र्यांच्या सालींवर आणि स्वतःच्या मांड्यांवर सुई चालवली. बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तिलाही माणूस हवंच होतं. चौथ्या वर्षी अख्खा हात करून घ्यायचा तर पट्टीकडे, असं लोक म्हणायला लागले. आणि गंमत अशी की निम्मं गिऱ्हाईक बंदरावरचं. वडिलांचा हात पाहून आलेलं. तिची जाहिरात ते स्वतःच्या अंगावर घेऊन फिरत होते.

गिऱ्हाइकांशी मात्र ती गोड वागायची नाही. कोणी म्हणालं, बायकोचा चेहरा काढा, तर विचारायची, “किती वर्षं टिकेल? शाई म्हणत नाही मी.” एका मुलीला आईवडिलांचे चेहरे दोन हातांवर हवे होते. पट्टीने तिला तासभर बसवून खणून खणून प्रश्न विचारले. मुलगी रडत बाहेर पडली ती परत आली नाही. मी म्हणालो, जरा जास्त झालं. ती म्हणाली, “इथे रडलेलं बरं. पुसता येतं.”

मग दादाला परदेशी नोकरी लागली आणि तो बायकोपोरांना घेऊन गेला. धाकटीच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला उंबरा ओलांडणं मुश्कील. वडिलांच्या छातीत कळ आली, दहा दिवस दवाखान्यात काढून घरी आले ते अर्धे होऊन. शेजारणीने पट्टीला फोन केला. तेव्हापासून ती दर रविवारी जायला लागली. दाढी, नखं, आठवड्याची भाजी, चादरी. आता वडील तिच्याशी सरळ बोलायचे. दुसरं कोणी नव्हतं, आणि भिंत काही नखं कापत नाही.

हात सुकला होता. दंडाची कातडी लोंबायला लागली, तशी आईच्या गालाला घडी पडली, क्रेनचा दांडा वाकला. पोपटाची चोच आता हात सरळ केला तरी पुरती उघडायची नाही.

एका रविवारी ती त्यांच्या उजव्या हाताची नखं कापत होती. ते म्हणाले, “तो पोपट झाकून टाक.”

“कशाने?”

त्यांनी डाव्या हाताचं बोट पोपटावर ठेवलं. “तू ये तिथे,” ते म्हणाले. “लहानपणची. डबा घेऊन यायचीस तशी.”

तिने करंगळीचं नख पुरं केलं. म्हणाली, “बाबा, तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. आता तिथे सुई लावली तर जखम भरणार नाही.”

“खोटं बोलतेस.”

“मी कधी खोटं बोललेय का?”

त्यांनी दुसरा हात पुढे केला.

हे तिने मला दुकानात चहा घेताना सांगितलं. मी विचारलं, “खरंच भरली नसती?”

“गोळ्या दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्यात डॉक्टरांनी,” ती म्हणाली. “मीच आणते ना, मला माहीत आहे. त्यांना कुठली गोळी कशाची ते कळत नाही.” आणि कप विसळायला उठली.

त्यानंतर ते चौदा महिने जगले. भर उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे, मनगटाचं बटण लावून. ते गेले तेव्हा दादा येऊ शकला नाही. त्याने फोन करून तिला एवढंच विचारलं, की बाबांच्या हाताचे चांगले फोटो आहेत का, पोरांना आठवण राहील. पट्टीने त्याच दुपारी सगळे फोटो पाठवले, खांदा, दंड, कोपर, मनगट असे क्रमाने लावून. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एका खलाशाची खांद्याची बाह्यरेषा ठरलेली होती. तिने वेळेवर दुकान उघडलं.